दोन्ही मागणारे सर

सर कुठल्याही गरम वस्तूला हात लावायचे. विचारायचे नाहीत. उभ्या टेम्पोचं बॉनेट, वडेवाल्याच्या शेगडीमागचा पत्रा, एसीच्या बाहेरच्या डब्यातून येणारा वारा, आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पाठ. तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालली. फुकट चालली."

उष्णता चालली, असं त्यांना म्हणायचं असे. नवीन माणसाला ते कळायचं नाही. एकदा गेटवर उभ्या असलेल्या ट्रकच्या जाळीपाशी ते बराच वेळ हात धरून उभे राहिले, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला.

"क्या चेक कर रहे हो, अंकल?"

"आपका नुकसान," सर म्हणाले आणि पुढे गेले. ड्रायव्हरने टायर पाहिले, खाली वाकून ऑइल पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जाऊ दे भाई, ते सर आहेत.

मी अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटची मॅनेजर. पाणी, लिफ्ट, वॉचमन, आग विझवण्याची यंत्रणा, गटारं आणि गाळेवाल्यांची भांडणं हे माझं काम. सकाळी आल्याआल्या दिवसाची यादी करते आणि संध्याकाळपर्यंत एकेक ओळ खोडत जाते. जे खोडता येत नाही त्याचा मला त्रास होतो. सर बरीच वर्षं माझ्या यादीत होते.

ते आमच्याकडे आले ते गटाराच्या वाटेने. आमच्या इस्टेटीत तळमजल्याला मिलिंदची लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, पडदे तिथे धुतले जातात आणि ते धुवायला उकळतं म्हणावं इतकं गरम पाणी लागतं. धुऊन झालं की ते पाणी गटारात. त्यामुळे आमचं गटार बाराही महिने वाफाळलेलं. सर एका इंजिनिअरिंग कॉलेजात उष्णतेचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले, जोगेश्वरीला एकटेच राहायचे. एक दिवस बसमधून उतरून चालत निघाले होते, तर रस्त्याच्या कडेला जाळीतून वाफ येताना दिसली. दुसरा कोणी असता तर रुमाल नाकाला लावून गेला असता. सर वाफेच्या मागे मागे निघाले.

पुढचं मिलिंदने सांगितलं. "ताई, एक म्हातारा प्रत्येक जाळीला हात लावत लावत थेट माझ्या गाळ्यात आला. मला वाटलं महापालिकेचा माणूस. मी आधी चहा मागवला. तर चहात थर्मामीटर बुडवून मला म्हणतो, याच्यापेक्षा तुमचं पाणी गरम आहे."

थर्मामीटर त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम असे. चहा आला की आधी त्याचं तापमान बघायचं, मोठ्याने सांगायचं, मग प्यायचा. कॅन्टीनवाल्याला सुरुवातीला तो अपमान वाटला. पुढे तोच विचारायला लागला, "आज कितना आया, सर?"

त्या पाण्याच्या उष्णतेवर चालणारं यंत्र उभारायला मिलिंदने सरांना गाळ्याच्या मागची जागा का दिली, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. मिलिंद तसा हिशोबी माणूस. वडील अकोल्याकडून आलेले, हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. त्याच हॉस्पिटलचे कपडे धुवायला घेऊन याने धंदा उभा केला. भावनेच्या भरात जागा देणारा तो नव्हे.

तो म्हणाला, "ताई, गटारात जाणाऱ्या पाण्याला आजपर्यंत कोणी 'तुमचं पाणी' म्हटलं नव्हतं."

यंत्राच्या परवानगीसाठी सर माझ्याकडे आले, तेव्हा आमची पहिली चकमक झाली. नवीन मशीन आलं की मला ते वहीत नोंदवावं लागतं. विजेचं असेल तर वेगळी पानं, कूलिंगचं असेल तर वेगळी, कारण दोघांची तपासणी करणारी माणसं वेगळी.

"वीज की कूलिंग?" मी विचारलं.

"दोन्ही."

"मुख्य काय ते सांगा."

"मुख्य दोन्ही."

"सर, एकच लिहिता येतं."

"मग वही चुकीची आहे," ते शांतपणे म्हणाले. ते कोणालाही तुम्हीच म्हणत. मला, वॉचमनला, कॅन्टीनच्या मांजरीलासुद्धा. "तुम्ही खुर्चीवरून उतरता का?" असं मांजरीला विचारून तिच्या उतरण्याची वाट बघत उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं आहे.

दोन्ही म्हणजे काय, हे त्यांनी मला लाँड्रीच्या मागे उभं करून समजावलं, आणि ते समजावणं इतकं स्वच्छ होतं की मला आजही सांगता येतं. एका बंद टाकीत पाणी आणि अमोनिया मिसळून ठेवायचं. बाहेरून मिलिंदचं वापरलेलं गरम पाणी फिरवायचं. उष्णता मिळाली की मिश्रणातला अमोनिया आधी निघतो, पाणी बरंचसं मागे राहतं. निघालेली वाफ जोराने एका लहान चक्रातून जाते, चक्र फिरतं, वीज तयार होते. त्या धक्काबुक्कीत वाफेची ताकद जाते आणि ती गार पडते, इतकी की तिच्या नळ्या गुंडाळून एक मोठी पेटी थंड ठेवता येते. मग ती वाफ मागे राहिलेल्या पाण्याला परत जाऊन भेटते, त्यात विरघळते, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"नुसतं पाणी का नाही?" मी विचारलं.

"नुसतं पाणी हट्टी असतं. ठरलेल्या तापमानालाच उकळणार, त्याच्या खाली नाही म्हणजे नाही. तुमच्या गटारातल्या एवढ्याशा उष्णतेला ते भीकही घालणार नाही. मिश्रण समजूतदार. थोडं आत्ता निघतं, थोडं नंतर, जशी ऊब मिळेल तसं. माणसांचंही तेच आहे. पण ते माझ्या विषयात येत नाही."

विषयात येत नाही म्हणायचे आणि तेच करायचे. सोसायटीच्या सभेत गाळेवाले आपापल्या गटाने बसत. सर मुद्दाम मिलिंदला आमच्या चेअरमनच्या शेजारी नेऊन बसवत. चेअरमनचा छपाईचा गाळा गटाराच्या शेवटच्या टोकाला आहे, वाफेने कागद मऊ पडतो म्हणून त्यांचं आणि मिलिंदचं कायम वाजलेलं. शेजारी बसून ते भांडायचे थांबले नाहीत. पण ओरडावं लागत नसल्यामुळे आवाज कमी झाला. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

यंत्र उभं राहायला खूप वेळ लागला. सरांची निवृत्तीची पुंजी त्यात गेली असणार, ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. नळ्या, टाक्या, जुन्या कारखान्यातून आणलेले पंप, आणि लाँड्रीच्या बॉयलरच्या धुराड्याभोवती गुंडाळलेला नळीचा एक वळसा. त्या सगळ्याकडे पाहून मला माझ्या आजोळच्या ताकाच्या माठांची उतरंड आठवायची. अमोनियाची मला भीती होती, म्हणून मी अटींची यादी दिली: मोठा पंखा, बाहेर पाण्याचा शॉवर, मास्क, सायरन. सरांनी सगळं केलं आणि माझ्या यादीत नसलेली एक गोष्ट आणखी जोडली. रोज सकाळी ते गंधकाची पेटती कांडी घेऊन प्रत्येक सांध्यावरून फिरवत. जिथे अमोनिया निसटत असेल तिथे पांढरा धूर दिसतो. आरती ओवाळावी तसा तो कार्यक्रम चाले, आणि मिलिंदची माणसं कपडे टाकायच्या आधी तो होऊन जाईपर्यंत थांबत.

वासाची तक्रार मात्र हिरूबाईने केली, याचं मला अजून हसू येतं.

हिरूबाई वेसाव्याची कोळीण. दुपारनंतर आमच्या गेटबाहेर टोपली मांडून बसते, सुटलेले कामगार तिची गिऱ्हाइकं. तिच्या मासळीच्या वासाबद्दल माझ्याकडे दर महिन्याला एक तरी तक्रार येते. ती माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली, "बाय, तुज्या त्या मास्तरच्या यंत्राचा वास येतो. गिऱ्हाइक पळतं माजं."

मी तिला म्हटलं, तूच जाऊन सांग. ती गेली. सर शुद्ध शाकाहारी. मासळीच्या टोपलीजवळून जाताना ते श्वास धरत, हे तिला माहीत होतं, आणि ती मुद्दाम त्यांना थांबवून बोलायची. त्या दिवशी दोघं नाकाला पदर आणि रुमाल लावून बराच वेळ बोलत राहिली. कोण कोणाच्या वासाला नाक धरतंय हे ठरत नव्हतं. सरांनी तिलाही सगळं समजावलं, अमोनिया निघतो कसा, परत येतो कसा.

"म्हंजे भरती-ओहोटी," हिरूबाई म्हणाली.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवलं. हे मला सुचलं नाही."

"तुला समिंदर कुठं ठाऊक, मास्तर," ती म्हणाली. ती सगळ्यांना तू म्हणते, देवालाही. तुम्ही म्हणणारे सर आणि तू म्हणणारी हिरूबाई, दोघांची गट्टी जमली ती तिथून. उरलेली मासळी ती यंत्राच्या पेटीत ठेवायला लागली. पेटीचा गारवा बर्फाइतका नाही, पण बर्फाच्या शेजारचा. सर झाकण स्वतः उघडत, श्वास धरून, तोंड फिरवून, आणि ती मासळी रचेपर्यंत भिंतीकडे बघत उभे राहत.

दसऱ्याला तिने यंत्राला हार आणला, कोळी होडीला घालतात तसा, लांब, दोन्ही बाजूंनी सोडलेला. सोबत पाण्याने भरलेला तांब्याचा कलश. हार सरांनी घालू दिला. कलश बघताच आडवे आले.

"तांबं नको. पितळही नको. अमोनिया ते खातो. यंत्राजवळ आणायचंच नाही."

"देवाला तांबं चालतं. तुज्या यंत्राला चालत नाय? हे काय देवापेक्षा मोठं झालं?"

"नाजूक आहे," सर म्हणाले.

ती पुटपुटत गेली आणि कॅन्टीनमधला स्टीलचा जग घेऊन आली. पूजा जगाने झाली. यंत्राला वर्षात खरी सुट्टी एकच, एप्रिलमधल्या जयंतीची. त्या दिवशी लाँड्री बंद, म्हणून गरम पाणी नाही, म्हणून यंत्र नाही. सर तरीही यायचे, इस्त्रीचा सदरा घालून, मिलिंदच्या मिरवणुकीत थोडं अंतर चालायचे आणि जनरेटरच्या गाडीला हात लावून परत जायचे.

आता त्या झडपेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर आलं.

यंत्रातून दोन्ही मिळत होतं, पण दोन्ही भरपूर मिळत नव्हतं. वाफ चक्रात जाण्याआधी धुराड्याच्या वळशातून नेली की ती जास्त तापे, चक्र जोरात फिरे आणि लाकडी फळीवर लावलेले सगळे दिवे लख्ख पेटत. पण मग ती चक्रातून बाहेर पडताना पुरेशी गार नसे आणि पेटी कोमट व्हायला लागे. वळसा बंद केला की पेटी गार, दिवे निखाऱ्यासारखे लाल. मधे एक झडप होती, तिने किती वाफ वळशातून न्यायची ते ठरे. सर ती नेहमी मधोमध ठेवत. अर्धे दिवे, बऱ्यापैकी गारवा.

"एका बाजूला करा की सरळ," मी म्हणे. "एक काम धड होईल."

"एकच करायचं तर मग बाजारात मिळतात मशीन्स. मला दोन्ही हवंय."

हे ऐकून मला राग यायचा, कारण सोसायटी कमिटीचा धीर संपत आला होता. अमोनियाची परवानगी मुदतीची होती. चेअरमन म्हणाले, सर भले माणूस आहेत, पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण? एखाद्या कंपनीने हे यंत्र हाती घेतलं, तिचे इंजिनिअर येऊन बघत राहिले, तर चालू ठेवा. नाहीतर मुदत संपली की बंद करून उचला. त्यात मला चूक दिसली नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ओळख काढून दिली आणि वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा साहेब बघायला यायचा ठरला. त्या भेटीवर सगळं होतं. मी कामाला लागले. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, मागचा पॅसेज धुऊन घेणं, आग विझवायचे सिलिंडर तपासणं, हिरूबाईला त्या दिवशी गेटच्या दुसऱ्या बाजूला बसायला सांगणं. मिलिंदला सांगून ठेवलं, त्या दुपारी पाणी कडक हवं. सरांना सांगितलं, झडप पूर्ण वळशाकडे. साहेब वीज बघायला येतोय, त्याला वीज दाखवा. गारव्याचं नंतर सांगा.

"बरं," सर म्हणाले. ते इतक्या सहज बरं म्हणाले की मी ती ओळ खोडून टाकली.

त्या दिवशी बर्फाची गाडी आली नाही. बर्फाच्या कारखान्यात काही बिघाड झाला होता. हिरूबाईने पहाटे ससून डॉकवर भाचीच्या हळदीसाठी पापलेट उचललं होतं, भरलेली टोपली आणि वर एक क्रेट. हळद दुसऱ्या दिवशी. कोळ्यांच्या हळदीला मासळी खराब निघाली तर ते पिढ्यान्‌पिढ्या आठवण ठेवतात. ती सकाळीच मिलिंदच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. सरांनी श्वास धरून पेटी उघडली.

मला हे अकराच्या सुमाराला कळलं. मी लगेच फोन लावायला बसले. उसाच्या रसवाल्याकडे थोडा बर्फ होता, कोपऱ्यावरच्या बारने दोन पिशव्या दिल्या, आइस्क्रीमवाल्याने आपलंच वाचवायचं आहे म्हणून हात वर केले. सगळा मिळून क्रेटच्या तळालाही पुरला नसता. मे महिना होता. मिलिंद म्हणाला, "ताई, साहेब येईपर्यंत पेटी चांगली गार करून ठेवू. तासभर कळ काढेल." पण त्या दिवशी हॉस्पिटलचे कपडे उशिरा आले, धुणं उशिरा लागलं, आणि गरम पाण्याला रोजचा जोर नव्हता. पेटी मासळी टिकण्यापुरतीच जेमतेम गार झाली होती.

साहेब वेळेवर आला. चाळिशीचा, नीट माणूस, उगाच रुबाब करणारा नव्हे. त्याने प्रश्न चांगले विचारले. नळ्या हाताने चाचपून बघितल्या, गंधकाच्या कांडीचं कौतुक केलं. मग घड्याळ बघून म्हणाला, "सर, पूर्ण लोडवर घ्या. रीडिंग स्थिर झालं की मी लिहून घेतो."

हिरूबाई कोपऱ्यात उपड्या बादलीवर बसली होती. तिला मी दुसऱ्या बाजूला जायला सांगितलं होतं, पण तिची मासळी आत होती.

सरांनी झडप फिरवली. चक्राचा आवाज बारीक आणि उंच झाला. फळीवरचे दिवे एकेक करत वर आले, पिवळे, मग पांढरे. लाँड्रीत कामाला असलेल्या मुली इस्त्री सोडून बघायला आल्या. मीसुद्धा एवढा उजेड त्या यंत्रातून कधी पाहिला नव्हता. साहेब मीटरकडे वाकला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"झकास," मिलिंद हळूच म्हणाला.

सर दिव्यांकडे बघत नव्हते. ते पेटीकडे गेले, झाकण किलकिलं केलं आणि खिशातला थर्मामीटर पापलेटांमध्ये खोचला. श्वास धरायचं ते विसरले होते. थोड्या वेळाने काढून पाहिला, पुसला, पुन्हा खोचला.

"स्थिर व्हायला किती वेळ लागेल तुम्हाला?" त्यांनी साहेबाला विचारलं.

"तास धरा. कमी नाही चालत."

"मास्तर, मी काढते माजी मासली," हिरूबाई उठत म्हणाली. "जाते घेऊन."

"कुठे नेणार? बाहेर ऊन आहे. तुम्ही बसा."

"अरे, तुजं काम हाय ना रं."

"बसा म्हटलं ना."

त्यांनी झडप फिरवली. मधोमध नाही, पार उलट्या टोकाला. दिवे उतरत उतरत लाल झाले आणि काही विझले. चक्राचा आवाज खाली आला.

साहेबाला वाटलं काही बिघडलं. "काय झालं?"

"काही नाही. चालू आहे. आत मासळी आहे."

"सर, मासळी आपण बाहेर काढू शकतो. मी आलोय त्यासाठी."

"हो. तुम्ही उद्या याल का? उद्या दिवे दाखवतो. नाहीतर परवा, कधीही."

"उद्या शक्य नाही. आणि खरं सांगू का, आमच्याकडे दुसरी दोन यंत्रं याच यादीत आहेत."

"मग त्यांना द्या," सर म्हणाले. रागाने नाही. जागा द्यावी तसं.

मी मधे पडले. पुष्कळ बोलले. साहेबाने माझं ऐकून घेतलं, चहा घेतला, जाताना सरांना वाकून नमस्कार केला, आणि आठवड्याने विद्यार्थ्यामार्फत नकार कळवला. भेटीच्या त्याच संध्याकाळी सर बाकावर बसले होते. मी चिडलेली होते. म्हटलं, "सर, आयुष्यभर दोन्ही दोन्ही म्हणालात आणि नेमक्या दिवशी एकच?"

त्यांनी चहात थर्मामीटर बुडवला, तापमान सांगितलं, चहा प्यायले आणि घरी गेले.

हिरूबाईने हळदीला आम्हाला सगळ्यांना नेलं. सरांसाठी वेगळं, मासळीचा हात न लागलेलं नारळाचं गोड केलं होतं. तिच्या भावकीतल्या माणसांना ती दाखवत होती, "हाच तो मास्तर." सर नारळीभात खात होते आणि मांडवातल्या हॅलोजनला हात लावायला वाकत होते.

मुदत संपली. कमिटीच्या ठरावाप्रमाणे मी यंत्र बंद करायला लावलं. उचलायला महिनाभर दिला होता. सर रोज यायचे, गंधकाची कांडी फिरवायचे, आणि न चालणाऱ्या यंत्रापाशी बसायचे. त्यांचा हात कशालाच लागत नव्हता, कारण तिथे गरम काही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात चेअरमन तावातावाने ऑफिसात आले.

"बाई, हे गटार पुन्हा का वाफाळायला लागलं? माझा कागद बघा, सादळलेला पापड झालाय. मध्यंतरी बंद झालं होतं ना हे?"

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. यंत्र चालू होतं तेव्हा मिलिंदच्या पाण्यातली उष्णता ते खात होतं आणि पाणी गार होऊन गटारात जात होतं. जाळीतून वाफ येणं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. थांबलेल्या त्रासाची तक्रार कोण करतो?

"सरांचं यंत्र बंद आहे," मी म्हटलं.

"त्याचा गटाराशी काय संबंध?"

मी त्यांना लाँड्रीच्या मागे नेलं आणि सरांनी मला समजावलं होतं तसं समजावलं. सर बाकावरून ऐकत होते. चेअरमननी टाकीला हात लावला, गटाराच्या जाळीवर हात धरला आणि खिशातून रुमाल काढून पुसला.

"जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेतो," मिलिंद म्हणाला. "दोन वर्षं रोज कांडी माझ्यासमोर फिरते. मला सगळं येतं. माझंच पाणी आहे ते."

पुढच्या सभेत यंत्र पुन्हा चालू करायचा ठराव झाला, नाव दिलं: लाँड्रीचं सांडपाणी गार करण्याची व्यवस्था. सरांनी तो वाचला आणि मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं. "मी दोन म्हणत होतो. तुम्ही तिसरं काढलंत."

ते पडले त्यानंतरच्या थंडीत, घरातच, आणि त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाण्याआधी ते व्हीलचेअरवरून आले. झडप त्यांनी मधोमध ठेवली, मिलिंदला सांगितलं, हलवू नका. आणि ते गेल्यावर हिरूबाईने ती सरळ गारव्याकडे फिरवली. उन्हाळा येत होता, पेटीत आता आणखी तिघींची मासळी असे. दिवे विझले. मिलिंदनेही ती परत फिरवली नाही.

सर महिन्यातून एकदा फोन करत. ऑफिसातल्या फोनवर, माझ्या मोबाइलवर कधीच नाही. विचारायचे एकच, "दिवा लागतोय का?" पेटीबद्दल नाही, गटाराबद्दल नाही.

मला खोटं सांगता येत नाही. म्हणून मी म्हणायचे, "थांबा सर, बघून सांगते." रिसीव्हर टेबलावर ठेवायचा आणि पॅसेजमधून ओरडायचं, "सरांचा फोन." मिलिंद जिथे असेल तिथून धावायचा, नाहीतर हिरूबाई पदर खोचून उठायची आणि झडप फिरवायची. एक दिवा आधी लाल, मग पिवळा व्हायचा. तो नीट लागला हे स्वतः पाहायचं आणि परत यायचं. तोवर सर तिकडे फोन धरून थांबलेले असत.

असं कितीतरी महिने चाललं. आम्ही तिघं त्यात तरबेज झालो होतो. शेवटच्या शेवटच्या एका फोनला सरांचा आवाज खोल गेला होता. मी धावत जाऊन आले आणि म्हटलं, "लागतोय, सर."

"छान दिसतोय?"

"छान."

"बरं," ते म्हणाले. "आता बंद करायला सांगा. बाईंची मासळी तापेल."